भिंतीकडे तोंड करून

दिवेकर सरांना नाचता येत नव्हतं आणि नाच बघायला आवडतही नव्हतं. तरी आमच्या श्रीवर्धनच्या कॉलेजात नृत्यसंघाची निवड वर्षानुवर्षं तेच करत. हे काम त्यांच्या गळ्यात कसं पडलं, ते मी स्टाफरूममध्ये ऐकलं. जुन्या प्राचार्यांनी मीटिंगमध्ये विचारलं, "सांस्कृतिक विभाग कोण घेणार?" तेव्हा सगळ्यांनी माना खाली घातल्या. वनस्पतिशास्त्राचे दिवेकर सर नेमके खिडकीबाहेरच्या सुरंगीला कळ्या आल्यात का ते बघत होते. मान वर असलेले ते एकटेच. मिनिट्समध्ये 'सर्वानुमते' असं लिहिलं गेलं.

सर उंच, कृश आणि मानेपासून थोडे पुढं वाकलेले होते. आमच्याकडे उंच माणसाला सरसकट पोफळ म्हणतात, तसं त्यांनाही मुलं म्हणत. सरांच्या कानावर ते गेलं होतं, आणि त्यांचा आक्षेप फक्त शास्त्रीय होता. "पोफळ वाकत नाही," ते म्हणाले. "वाकतो तो माड." त्या दिवसापासून मुलं त्यांना माड म्हणू लागली आणि सरांचं समाधान झालं.

विद्यार्थी कितीही लहान असो, सर त्याला अहोजाहोच करत. दहावीतून नुकत्याच अकरावीत आलेल्या पोरालाही "अहो चोगले, जरा खिडकी लावता का?" असं म्हणत. चोगले आधी मागं वळून बघायचा, आपले वडील आलेत की काय म्हणून.

मी मराठी शिकवायला म्हणून तिथं लागले. मुलींबरोबर एक बाई हवी या नियमामुळं पहिल्याच वर्षी मला सरांच्या हाताखाली सांस्कृतिक विभागात टाकलं. सर मला म्हणाले, "नाईकबाई, तुम्हाला नाचातलं कळतं?"

"फारसं नाही, सर."

"छान. मलाही नाही. म्हणजे आपल्यात मतभेद होणार नाहीत."

पहिली निवड चाचणी मी पाहिली ती वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत. सभागृहात परीक्षेची बाकं लावलेली होती. टेबलं भिंतीला सरकवून मधे जागा केली होती. मुलंमुली स्पीकर लावून उभी होती. सर आले. त्यांनी एक खुर्ची उचलली, पार टोकाला नेली आणि भिंतीकडे तोंड करून तिच्यावर बसले. पाठ आमच्याकडे. समोर फॉर्मॅलिनच्या बरण्यांचं कपाट.

मला वाटलं त्यांना चक्कर आली.

"करा सुरू," ते कपाटाला म्हणाले.

पहिली मुलगी नाचली. सर हलले नाहीत. संपल्यावर म्हणाले, "डावा पाय उशिरा येतोय तुमचा. पुढचे." दुसरा मुलगा नाचला. "तुम्ही मधे थांबलात आणि हात हलवून वेळ काढलात. पुढचे." तो मुलगा आ वासून माझ्याकडे बघत राहिला, कारण त्यानं खरंच तेच केलं होतं.

सर नाच ऐकत होते. पायात चाळ बांधायची बंदी होती, कारण चाळांच्या आवाजात पायाची पापं झाकली जातात असं त्यांचं म्हणणं. "पाय खोटं बोलत नाही," हे त्यांचं लाडकं वाक्य. "चेहरा बोलतो. कपडे तर बोलतातच. डोळे उघडे ठेवले की मार्क आपोआप वाढतात, बाई." मधे कुणीतरी आवई उठवली की सर कपाटाच्या काचेत सगळ्यांना बघतात. दुसऱ्या दिवशी सरांनी काचांना खाकी कागद चिकटवले.

या पद्धतीनं निवडलेला संघ बघण्यासारखा असे. ताल बिनचूक, पण एक मुलगा दरवाजाएवढा, शेजारची मुलगी त्याच्या कोपराला लागणारी. अलिबागच्या स्पर्धेत परीक्षकांनी दर वर्षी तोच शेरा द्यावा, 'उंचीचा मेळ नाही.' सर दर वर्षी तो शेरा मोठ्यानं वाचून दाखवत आणि म्हणत, "उंची ऐकू येत नाही."

विद्यार्थ्यांत सरांचा मोठा दबदबा होता. माड कुणाचं ऐकत नाही, माडाकडे वशिला चालत नाही. मीही घरी आणि मैत्रिणींत सरांच्या या करारी बाण्याचं कौतुक सांगत असे. ते कौतुक जरा जपून सांगायला हवं होतं, हे मला त्यांच्या घरी जेवायला गेले तेव्हा कळलं.

सरांची बायको, सुमतीवहिनी, पानात वालाची उसळ वाढताना हसून म्हणाल्या, "करारी? हे? अहो, बाहेर कुत्रं भुंकलं तरी दार उघडायला मला पाठवतात."

सर मान खाली घालून भात कालवत होते. "रात्रीचं कुत्रं भुंकलं तर," ते म्हणाले.

"दिवसासुद्धा. अनोळखी नंबरवरून फोन आला की माझ्याकडे देतात. प्राचार्यांनी बोलावलं की आधी पाणी पितात."

मी सरांकडे बघितलं. त्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि अगदी सरळपणे सांगितलं, "खरं आहे, बाई. मी भित्रा माणूस आहे. पहिल्या वर्षी मी समोर तोंड करूनच बसलो होतो. प्राचार्यांच्या मेहुणीची मुलगी नाचायला आली. नाचत कसली होती, नुसती गिरकी घेत होती. पण मला नाही म्हणता येईना. घेतली तिला. दुसऱ्या वर्षी खुर्ची फिरवली. आता कुणी विचारलं की सांगता येतं, कोण नाचत होतं मला काय माहीत? मी तर भिंतीकडे बघत होतो."

सगळं कॉलेज ज्याला तत्त्व समजत होतं, ती भिऊन केलेली सोय होती. पण माझ्या मनातून ते उतरले नाहीत. शूर माणसांनी केलेले पुष्कळ अन्याय मी तोवर पाहिले होते. भित्र्या माणसानं शोधून काढलेला न्याय पहिल्यांदाच बघत होते.

मग ते वर्ष आलं.

विद्यापीठाचा स्वतःचा लोकनृत्य संघ असतो. तो परराज्यांतल्या महोत्सवांना जातो. त्याच्या निवडीसाठी त्या वर्षी प्रत्येक कॉलेजकडून एकच नाव मागवलं होतं. एकच नाव जाणार म्हटल्यावर प्रयोगशाळेबाहेर ही मोठी रांग लागली. त्यात ऋषिकेश होता, आमच्या संस्थेच्या अध्यक्षांचा पुतण्या. मोटरसायकल जोरात चालवायचा, पण वागायला वाईट नव्हता. नाचायचाही दणकून. आणि रांगेच्या शेवटी प्रतीक्षा घोले होती.

प्रतीक्षा म्हसळ्याच्या आतल्या बाजूच्या एका गावातली. घरी भातशेती, वडील मुंबईत गोदामात कामाला. तिचे काका गौरी-गणपतीत जाखडी नाचायचे. जाखडी पुरुषांची, पण बघायला कुणाची बंदी नाही. हिनं बघून बघून सगळी उचललेली. कॉलेजसाठी ती श्रीवर्धनात हमीदा खालांच्या घरी माडीवरच्या खोलीत भाड्यानं राहत होती. वर्गात तिचा आवाज मी हजेरीपुरताच ऐकलेला.

चाचणी झाली. सरांनी कपाटाकडे बघत एकेकाला वाटेला लावलं. ऋषिकेश नाचला तेव्हा बरण्या किणकिणल्या. "वा," सर म्हणाले. सरांचं 'वा' मी त्याआधी ऐकलं नव्हतं. शेवटी प्रतीक्षा नाचली. गाणं संपलं. सरांनी कपाटालाच विचारलं, "तुम्ही सुरू केलंत का?"

मुलं हसली.

"संपलं, सर," प्रतीक्षा म्हणाली.

"पाय पडतच नाहीत तुमचे. इतकं बिचकत नाचू नये. धन्यवाद."

मी बघत होते. ती बिचकत नव्हती हे मला दिसलं होतं. मी सरांना तसं म्हटलंही. सर म्हणाले, "बाई, तुम्ही डोळ्यांनी बघितलंत. तोच तर घोटाळा असतो." ऋषिकेशचं नाव पक्कं झालं.

त्या दिवसाइतके खूश सर मी कधी पाहिले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा न्याय आणि अध्यक्षांची इच्छा एका माणसावर येऊन थांबली होती. प्राचार्यांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून बसायला सांगितलं. सर पाणी न पिता गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी एस.टी. स्टँडसमोर फ्लेक्स लागला, 'विद्यापीठ संघासाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' मधे ऋषिकेश, वर काका, खाली शुभेच्छुकांच्या फोटोंची दाटी. विद्यापीठात अजून काहीच व्हायचं होतं, पण फ्लेक्सवाल्यांना तेवढा धीर नसतो.

आणि त्याच दुपारी हमीदा खाला कॉलेजात आल्या.

पांढरा ओढणा, हातात छत्री, चढण चढून दम लागलेला. प्रयोगशाळेत येऊन त्या विद्यार्थ्यांच्या स्टुलावर बसल्या. सर उभे राहिले.

"दिवेकर सर तुमीच?"

"हो. बसा. म्हणजे बसलाच आहात."

"आमची प्रतीक्षा नापास झाली म्हणं. कालपासून जेवली न्हाय. सर, कसूर पोरीचा न्हाय, माझा हाय."

"तुमचा कसा?"

"ती वर नाचायची. माडीला लाकडाची जमीन. खाली माझं डोस्कं उठायचं. मी ओरडले, वर म्हशी बांधल्यास काय गो? नमाजाला बसू द्येशील का न्हाय? तवापासून आवाज बंद. मला वाटलं, सुटले, पोरीनं नाच सोडला. एक दिवस पापड घालायला वर गेले तर ही नाचत होती. अल्ला कसम, सगळी खोली फिरत होती, आनि खाली ताटातला चमचा हलत न्हवता." खालांनी ओढण्यानं कपाळ पुसलं. "ती नाचत न्हाय असं मलाबी वाटलं होतं. पन मी जिना चढले. तुमी बघितलंत तिला?"

"मी बघत नाही," सर म्हणाले.

"मंग निवडता कसं?"

"ऐकतो."

खालांनी छत्री टेबलाला टेकवून ठेवली. मग शांतपणे म्हणाल्या, "आता तुमाला मी काय बोलू? तुमी शिकलेले." चहा घ्यायला नको म्हणाल्या, आणलेला पाहून घेतला, आणि छत्री उचलून गेल्या.

सरांनी त्या दिवशी नेचे-वनस्पतींचा तास घेतला नाही. वहिनींनी मला नंतर सांगितलं की ते संध्याकाळभर वाडीत फिरत होते. दिवेलागणीला आत आले आणि म्हणाले, "सुमती, मी आत्तापर्यंत अशी किती जणं घालवली असतील?" वहिनी म्हणाल्या, "ते आता कळायचं नाही. ही एक आहे, तिचं बघा."

सकाळी सर माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. दाढी करायची राहिलेली. "नाईकबाई, चाचणी परत घ्यायची."

प्राचार्यांकडे मी त्यांच्याबरोबर गेले. प्राचार्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला आणि फार प्रेमानं म्हणाले, "दिवेकर, अहो, फ्लेक्स लागलाय."

"उतरवता येतो, सर."

"कोण उतरवणार? तुम्ही?"

सरांच्या घशातून आवाज निघाला नाही. मला वाटलं, झालं. पण ते हललेही नाहीत. नुसते उभे राहिले. भित्री माणसं बोलू शकली नाहीत तरी कधीकधी जागची हलत नाहीत, आणि समोरच्याला ते बोलण्यापेक्षा जड जातं. प्राचार्य शेवटी वैतागून म्हणाले, "घ्या. पण निकाल बदलला तर तो तुमचा. माझ्याकडे यायचं नाही."

चाचणी त्याच प्रयोगशाळेत झाली. सर आले, खुर्ची नेहमीच्या जागी नेली, आणि फिरवली. तोंड मुलांकडे.

इतकी वर्षं सरांच्या पाठीसमोर बिनधास्त नाचलेली मुलं त्यांचा चेहरा बघून पावलं विसरू लागली. सरांची अवस्था त्याहून वाईट. बघायचं कुठं हेच त्यांना माहीत नव्हतं. पहिल्या मुलीच्या वेळी ते तिच्या पायाच्या अंगठ्यावर नजर ठेवून होते. दुसऱ्या वेळी पंख्याकडे बघू लागले. मी हळूच म्हटलं, "सर, समोर." तेव्हा कुठं मान खाली आली.

ऋषिकेश आला. मन लावून नाचला, आदल्या वेळेपेक्षा चांगला. नाचताना तो सरळ सरांच्या डोळ्यात बघत होता. सरांनी मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट धरले होते.

मग प्रतीक्षा. तिनं ओढणी कमरेला खोचली आणि जाखडीच्या चालीवर पहिलं पाऊल टाकलं. जाखडी घोळक्यानं, गोल करून नाचायची. ही एकटी होती, पण बाकीचे आजूबाजूला आहेत असं वाटत होतं. ती वाकायची, वळायची, बसकण मारून उठायची, पायाचा तळवा फरशीवर पडायचा आणि आवाज मात्र यायचाच नाही. स्पीकर एकटा वाजत होता. कपाटातल्या बरण्या जागच्या जागी. परवा हसलेली मुलं आता टक लावून बघत होती. ऋषिकेशसुद्धा भिंतीला टेकला होता तो पुढं आला.

नाच संपला तेव्हा सर उभे होते. कधी उठले ते मला कळलं नाही. त्यांनाही कळलं नसावं, कारण त्यांनी मागं वळून खुर्चीकडे बघितलं.

"घोले," ते म्हणाले. "तुमचं नाव जाईल."

ऋषिकेश म्हणाला, "सर, मी कुठं चुकलो?"

हाच तो प्रश्न, ज्याच्या भीतीनं सरांनी आपली सगळी कारकीर्द भिंतीकडे बघत काढली होती. या वेळी त्यांचा आवाज निघाला. "तुम्ही नाही चुकलात. मी चुकलो होतो. तुम्ही चांगले नाचता. त्या जास्त चांगल्या नाचतात. परवा मी बघितलं नव्हतं, आज बघितलं."

ऋषिकेशनं खिशातून मोटरसायकलची किल्ली काढली. मग प्रतीक्षाला म्हणाला, "भारी नाचलीस," आणि गेला. बाहेर मोटरसायकल नेहमीपेक्षा जोरात सुरू झाली, तेवढंच.

अध्यक्ष एक शब्द बोलले नाहीत. मोठी माणसं अशा वेळी बोलत नाहीत. पुढच्या सत्रात सांस्कृतिक विभाग दुसऱ्यांकडे गेला आणि दिवेकर सरांना स्वच्छता समितीचे प्रमुख नेमण्यात आलं. मिनिट्समध्ये पुन्हा 'सर्वानुमते'. फ्लेक्स कुणी उतरवलाच नाही. एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स त्याच्यावर लागेपर्यंत ऋषिकेशचं न झालेल्या निवडीबद्दल अभिनंदन चालू होतं.

विद्यापीठाच्या चाचणीला प्रतीक्षाला घेऊन मी मुंबईला गेले. सर रजा टाकून बरोबर आले. आता त्यांचा अधिकृत संबंध नव्हता, म्हणून आत सोडलं नाही. ते आवारातल्या एका झाडाखाली बसून राहिले. दुपारी प्रतीक्षा बाहेर आली. तिचा चेहरा धड हसरा नव्हता, धड रडका नव्हता.

"राखीवमध्ये घेतलं, सर."

"म्हणजे घेतलं ना?"

"व्हय. पण कुणी पडलं तरच नाचायचं."

सर विचार करून म्हणाले, "पडतील. माणसं पडतात."

हे असं बोलणं सरांना शोभणारं नव्हतं, पण खरं ठरलं. महोत्सवात एका मुलीला ताप आला आणि प्रतीक्षा मागच्या ओळीत, अगदी कडेला नाचली. त्याचा व्हिडिओ आला. कॅमेरावाल्याचं सगळं लक्ष मधल्या मुलींवर होतं. चित्राच्या डाव्या टोकाला मधूनमधून एक कोपर येई आणि जाई. सर तो व्हिडिओ स्टाफरूममध्ये, कँटीनमध्ये, पोस्टात, सगळीकडे दाखवत. मोबाइल समोरच्याच्या नाकाशी धरून म्हणत, "थांबा, थांबा, आता बघा, हे! हे कोपर घोल्यांचं." हमीदा खालांना दाखवायला तर ते घरी गेले. खालांनी कोपर लगेच ओळखलं म्हणे.

पुढं सर निवृत्त झाले. घराच्या आणि कामाच्या रगाड्यात माझंही त्यांच्याकडे जाणं कमी झालं. प्रतीक्षानं शिक्षण संपवून बोर्ली पंचतनला एका हार्डवेअरच्या दुकानाच्या वर नाचाचा वर्ग काढला. मुली येत, गृहिणी येत, हळूहळू निवृत्त मंडळीही येऊ लागली.

मागच्या हिवाळ्यात मी बोर्लीला बाजाराला गेले होते. वरून ढोलकी ऐकू आली म्हणून जिना चढले. दारातून बघते तर बायकांच्या मागं, शेवटच्या ओळीत, इस्त्रीचा बुशशर्ट घातलेले दिवेकर सर. सगळ्यांचे हात उजवीकडे, त्यांचे डावीकडे. सगळ्या बसल्या की ते उभे. दुरुस्त करून ते बसेपर्यंत बायका उठलेल्या.

मला बघून ते ओळीतून बाहेर आले. घामाघूम. "डॉक्टरांनी सांगितलंय, बाई. पडलो होतो अंगणात. तोल सांभाळायला चांगलं असतं."

"छान चाललंय, सर," मी म्हटलं.

"छान कुठलं. गावच्या जत्रेत कार्यक्रम आहे ना, त्याची निवड झाली परवा. मला नाही घेतलं." त्यांनी प्रतीक्षाकडे एक नाराज नजर टाकली. ती पुढं उभी राहून एका काकूंचा हात सरळ करत होती. "समोर उभी राहून, डोळ्यात बघून, नाही म्हणाली. मी म्हटलं, कारण सांगा. तर म्हणे, सर, तुम्ही सगळ्यांच्या अंगावर जाता."

मला हसू आवरेना. सरांना काही हसण्यासारखं दिसलं नाही. ते माझ्या जवळ सरकले, खिडकीकडे बघितल्यासारखं केलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "नाईकबाई, तुमचं ऐकते ती. एक शब्द टाकून बघता का?"

मी शब्द टाकला. प्रतीक्षानं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "न्हाय, मॅडम. न्हाय जमायचं."

जिना उतरताना मी एकदा मागं वळून बघितलं. सर रुसून बाकावर बसले असतील असं वाटलं होतं. पण ते पुन्हा ओळीत जाऊन उभे राहिले होते. ढोलकी सुरू झाली, बायका उजवीकडे वळल्या, आणि सर अतिशय आत्मविश्वासानं डावीकडे निघाले.